लाल पेन्सिल

अण्णांचं काहीतरी बिनसलंय हे आम्हाला पेपरावरून कळलं, आणि तेही चार दिवस उशिरा.

अण्णा म्हणजे माझे वडील. नारायण पेठेतल्या एका छापखान्यात त्यांनी आधी खिळे जुळवले आणि मग तीसेक वर्षं प्रुफं वाचली. छापखाना बंद झाला, मशीन भंगारात गेलं, हाताची खोड तेवढी राहिली. सकाळच्या चहाबरोबर पेपर आणि पेपराबरोबर लाल पेन्सिल. चुकीच्या वेलांटीभोवती गोल, गळलेल्या अक्षराच्या जागी काकपद, समासात दुरुस्ती. ती कुणी बघणार नव्हतं, उद्याचा अंक त्याने सुधारणार नव्हता, हे त्यांना माहीत होतं. आमच्या रद्दीवाल्याला मात्र बरेच दिवस वाटत होतं की या घरात परीक्षेचे पेपर तपासतात.

गणपतींनंतरचा आठवडा होता. त्यांना चौऱ्याऐंशीवं लागलं होतं. पेपर घडी न मोडता टीपॉयवर पडलेला दिसला. दुसऱ्या दिवशी घडी मोडलेली होती, पण लाल खूण एकही नाही. तिसऱ्या दिवशी मी नवऱ्याला म्हटलं, "बरं झालं, डोळ्यांना जरा विश्रांती." हे वाक्य मी बोलले आहे, आणि ते मला अजून ऐकू येतं. बंगळूरहून भाऊ व्हिडिओवर म्हणाला, "अगं, वय झालं आता." शेजारच्या काकू म्हणाल्या, वय झालं. आमचे नेहमीचे डॉक्टर गावाला गेले होते. त्यांच्या जागी बसलेल्या डॉक्टरांनी नाडी पाहिली, वय विचारलं आणि हसून तेच म्हणाले.

पाचव्या दिवशी दिवेलागणीला अण्णा खुर्चीतून एकदम उठले. माझ्याकडे बघून, पण मला न ओळखता, म्हणाले, "केसेस वरच्या मजल्यावर घ्या. पाणी पुलावर आलंय."

केस म्हणजे खिळ्यांचा खणाखणांचा लाकडी ट्रे. आणि पाणी म्हणजे १२ जुलै १९६१. त्या सकाळी पानशेत फुटलं, मागोमाग खडकवासला, आणि मुठेचं पाणी पेठांत शिरलं. अण्णा तेव्हा बावीस वर्षांचे होते. चिखलात बसलेले खिळे पुढे कित्येक महिने धुऊन, अक्षर ओळखून, पुन्हा आपापल्या खणात टाकत होतो, असं ते लहानपणी आम्हाला सांगायचे. साठ वर्षांनी कर्वेनगरातल्या तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये ते पाणी पुन्हा चढत होतं.

हॉस्पिटलात रक्त तपासलं तर सोडियम ११६. ते १३५ ते १४५च्या दरम्यान असावं लागतं. पुण्यात 'सोडियम कमी झालं' हे आता 'सर्दी झाली' इतकं सवयीचं झालंय. कुठल्याही सोसायटीत विचारा, दोन घरांत तरी हा अनुभव निघेल. पण आपल्या घरात होईपर्यंत तो शब्द फक्त शब्द असतो. कारणं शोधली तेव्हा त्यातली निम्मी माझ्या स्वयंपाकघरातच सापडली. रक्तदाबाच्या गोळीत लघवी वाढवणारं औषध होतं. रक्तदाब म्हणून मी वरणातलं मीठ निम्म्यावर आणलं होतं, लोणचं-पापड बंद केले होते. गणपतीत पोट बिघडून तीन दिवस जुलाब झाले होते. आणि त्या सगळ्यावर मी तांब्या घेऊन मागे लागले होते, "अण्णा, पाणी प्या, पाणी प्या." मीठ जात होतं आणि वरून नुसतं पाणी येत होतं.

तिथल्या एका तरुण डॉक्टरीणबाईंनी मला बाहेरच्या बाकावर बसवून दहा मिनिटं समजावलं. त्या दहा मिनिटांचं ऋण मोठं आहे. म्हणाल्या, म्हातारपणी आजार पुढच्या दाराने येत नाही. तरुणाला लघवीचा संसर्ग झाला तर जळजळ होते, ताप येतो; ऐंशीच्या माणसाला होतो तेव्हा कधी कधी तो नुसता बरळायला लागतो. न्यूमोनिया तापाशिवाय येऊ शकतो. हार्ट अटॅकसुद्धा छातीत न दुखता, नुसती धाप लागून किंवा गळून गेल्यासारखं होऊन येऊ शकतो. "एक लक्षात ठेवा," त्या म्हणाल्या, "विसरभोळेपणा वर्षांनी वाढतो. चार दिवसांत वाढला तर ते वय नाही. लगेच घेऊन या."

सोडियम भरून काढायचं तेही सावकाश. घाईने चढवलं तर मेंदूला इजा होते, म्हणून दर काही तासांनी रक्त काढून मोजत होते. चौथ्या दिवशी अण्णांनी उशीला टेकून माझ्याकडे पाहिलं आणि भिंतीकडे बोट केलं. तिथे सूचना लावली होती: 'रूग्णासोबत एकाच व्यक्तिने थांबावे.' म्हणाले, "पेन्सिल आहे का?"

त्यानंतर 'वय झालं' हे शब्द ऐकले की माझे कान टवकारतात. हा फाइल बंद करायचा शिक्का आहे. एकदा मारला की पुढचं कुणी वाचत नाही. आणि आम्ही तो किती ठिकाणी मारून ठेवला होता! टीव्ही मोठ्याने लावतात, वय झालं. कट्ट्यावर जाणं सोडलं, वय झालं. जावयाचं बोलणं ऐकू येतं पण मुलीचं आणि नातीचं नाही, याबद्दल मात्र आमच्या घरात वेगळा सिद्धान्त होता: जुन्या वळणाचे आहेत, बायकांचं कशाला ऐकतील!

कानाच्या डॉक्टरांनी आधी मळ काढला, तोच एवढा निघाला की मी ओशाळले. मग तपासणीचा आलेख समोर ठेवला. उतारवयात कान आधी वरच्या पट्टीतले आवाज सोडतात. बायकांचे आणि मुलांचे आवाज त्याच पट्टीत. शिवाय स, श, फ, थ ही बारीक व्यंजनं आधी विरतात, स्वर शिल्लक राहतात. म्हणजे मी 'साखर संपली' म्हटलं तर त्यांच्यापर्यंत 'भाकर जमली' असलं काहीतरी पोचायचं. मग मी ओरडायचे. ओरडल्याने स्वर फुगतात, व्यंजनं तशीच पुसट राहतात, आणि ऐकणाऱ्याला फक्त एक रागावलेला चेहरा दिसतो. समोर यायचं, तोंडावर उजेड असू द्यायचा, पट्टी थोडी खाली आणायची, सावकाश बोलायचं. एवढंच होतं. हे एवढंसं मला पंचावन्नाव्या वर्षी कळलं.

कानाचं यंत्र घेतलं, ते दोन महिने टेबलाच्या खणात राहिलं. यंत्र लावलं की भांड्यांचा खणखणाट, पंख्याची घरघर, कुकरची शिट्टी, सगळं एकदम अंगावर येतं. इतकी वर्षं न ऐकलेल्या आवाजांची सवय मेंदूला पुन्हा लावावी लागते. रोज अर्ध्या तासापासून वाढवत नेलं. मग ते आमच्या जवळच्या विरंगुळा केंद्रात जायला लागले. पहिल्या दिवशी आले आणि म्हणाले, "सगळे एकदम बोलतात. आधी बरं होतं."

त्या केंद्रावर मात्र माझा जीव आहे. तिथे कॅरम आहे, वाढदिवस आहेत, आणि ज्ञान वाटण्याची चढाओढ आहे. २००७च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याचं कलम २३ मला तिथल्याच एका आजोबांनी समजावलं: घर मुलाच्या नावे बक्षीसपत्राने करून द्यायचंच असेल तर 'माझा सांभाळ करण्याच्या अटीवर' हे शब्द कागदात हवेत, नुसते मनात ठेवून चालत नाही. सांभाळ झाला नाही तर ते बक्षीसपत्र रद्द करून मागता येतं. दुसरे एक आजोबा पंचाहत्तरी ओलांडलेले. ऑगस्ट २०२२ पासून एसटी त्यांना फुकट झाली, तेव्हापासून दर महिन्याला सातारला जाऊन कंदी पेढे घेऊन संध्याकाळी परत येतात. सातारला कुणी नातेवाईक आहेत का, विचारलं. "नाहीत, म्हणून तर जातो."

हयातीच्या दाखल्याचंही सांगून टाकते. पेन्शन अण्णांची लहानशी, पण दाखला दरवर्षी द्यावा लागतो. यंत्रावर अंगठा उमटेना. उतारवयात बोटांवरच्या रेषा झिजतात, आणि अण्णांच्या तर शिशाचे खिळे उचलून आधीच झिजलेल्या. दहाही बोटं झाली. शेवटी मोबाइलवरून चेहरा दाखवून काम झालं, ही सोय २०२१ पासून आहे. त्यात पापण्या मिटून उघडायला सांगतात. अण्णांनी मिटल्या, उघडल्या, आणि विचारलं, "झालो का जिवंत?"

पडले ते त्या थंडीत. पहाटे साडेतीनला, बाथरूमच्या दारात. हाड मोडलं नाही, हे नशीब. कमरेला मुका मार आणि मनगटाला टाके. यावेळी शिक्का मारायला आलेल्या सगळ्यांना मी दारातच अडवलं. डॉक्टरांनी रक्तदाब आधी झोपवून मोजला, मग उभं करून. वरचा आकडा १४२चा ११६ झाला. उभं राहिल्यावर तीन मिनिटांत वीसने किंवा त्याहून जास्त उतरला तर ते दुखणं धरतात. इथे सव्वीसने उतरला होता. प्रोस्टेटसाठीची गोळी त्यात हातभार लावत होती. त्याआधी त्यांचा रक्तदाब शेकडो वेळा मोजला गेला असेल, पण दरवेळी खुर्चीत बसवून. आता त्यांचा नियम ठरला आहे: जाग आली की आधी पलंगाच्या कडेला बसायचं, पावलं वीस वेळा वरखाली करायची, मग उठायचं. पायपुसणं गेलं. बाथरूममध्ये धरायला दांडा बसला. मिस्त्रीने तो स्वतःच्या उंचीने बसवला, मग काढून पुन्हा अण्णांच्या उंचीने.

खरं नुकसान पडण्याने झालं नाही, ते झालं पुढच्या तीन आठवड्यांच्या अंथरुणाने. 'पडून राहा, आराम करा' असं येणारा प्रत्येक जण प्रेमाने सांगून गेला आणि मीही तेच धरून बसले. त्या वयात आठवड्याभरात जे स्नायू जातात ते परत मिळवायला महिने लागतात. त्यात जेवण म्हणजे सकाळी वरणभात आणि रात्री चहा-खारी. प्रथिनं कुठून येणार? पायांच्या काड्या झाल्या. आणि आजाऱ्यांची देखभाल करणारे मामा ब्युरोतून आले.

मामांबद्दल मला मोठं लिहायचं होतं, पण त्यांना ते आवडणार नाही. ते लातूरकडचे, पन्नाशीचे, सकाळी आठ ते रात्री आठ. पहिल्या दिवशी अण्णांनी त्यांना 'आपण' म्हटलं आणि अंघोळीला नकार दिला. माझ्याकडून तर अंघोळ घालून घेणं त्यांना मरणाहून अवघड होतं. मी गरम पाण्याची बादली ठेवून दाराबाहेर उभी राहायचे आणि ते आत अर्धवट पाणी घेऊन बाहेर यायचे. मामांनी तीन दिवस नुसत्या गप्पा मारल्या. चौथ्या दिवशी म्हणाले, "बाबा, पाय शेकून देतो, बाकी ऱ्हाऊ द्या." पायांवरून गुडघ्यावर, गुडघ्यावरून पाठीवर, अंगावर पंचा तसाच ठेवून. डोक्यावर तांब्या कधी पडला ते अण्णांना कळलंच नाही. हे शिक्षण त्यांना कुणी दिलं, मी विचारलं. त्यांच्या आधीच्या घरी एक आजोबा दोन वर्षं अंथरुणाला खिळून होते. दर दोन तासांनी कूस बदलायची, म्हणून मामा मोबाइलवर गजर लावायचे. "एक जखम नाही होऊ दिली, ताई." आजोबा गेले तेव्हा पाठ कोरी होती, हे त्यांनी ज्या अभिमानाने सांगितलं तसा अभिमान मी बँकेतल्या तीस वर्षांत एकदाही सांगू शकले नसते.

मामांची आई गावाकडे आहे. ऐंशीच्या घरातली. तिला सून बघते. मामा तिला भेटायला दिवाळीला जातात, कधी अक्षय्य तृतीयेला. माझ्या वडिलांची पाठ ते रोज पुसतात, त्यांच्या आईची पाठ कोण पुसतं, हा प्रश्न आमच्या घरात रोज आठ वाजता चप्पल घालून बाहेर पडतो. मी पगार वेळेवर देते, सुट्टी भरपगारी देते. त्याने प्रश्न सुटत नाही, हे मला माहीत आहे.

एव्हाना मी तरबेज झाले होते. वही केली होती: सकाळ-संध्याकाळ रक्तदाब, दर पंधरा दिवसांनी सोडियम, रोजचं पाणी मोजून, प्रथिनं ग्रॅममध्ये. फ्रिजवर तक्ता, रविवारी संध्याकाळी आठवड्याच्या डबीत गोळ्या. गॅसजवळ जायचं नाही. एकट्याने बाहेर नाही. ओंकारेश्वरचा कट्टा बंद, तो आठवला की त्यांचा चेहरा पडायचा, तरी बंद. शनिवार पेठेतलं दुसऱ्या मजल्यावरचं, लिफ्ट नसलेलं घर आई गेल्यावर सोडावं लागलं, तरी कर्वेनगरहून बसने ते कट्ट्यावर जायचे. आधी ऐकू येईना म्हणून ते स्वतः थांबले; यंत्र आल्यावर पुन्हा जायला तयार होते, तर मी थांबवलं.

तपासणीहून परत येत होतो. आत डॉक्टरांनी त्यांना विचारलं होतं, झोप कशी आहे? मी सांगितलं. भूक? मी सांगितलं. पोट साफ होतं? तेही मीच. रिक्षा नळ स्टॉपच्या सिग्नलला थांबली. अण्णा बाहेर बघत म्हणाले, "तू चांगलं तपासतेस. बारीक नजर आहे. पण प्रूफ वाचणाऱ्याने एक पाळायचं असतं. वेलांटी सुधारायची. वाक्य लेखकाचं."

मला राग आला. रात्री साडेतीनला उठणाऱ्या माणसाला हे ऐकवायचं? लेखक जर रस्त्यात पडून खुबा मोडून घेणार असेल तरी वाक्य त्याचंच? दोन दिवस मी कामापुरतं बोलले. तिसऱ्या दिवशी मामांना म्हटलं, गुरुवारी दुपारी बाबांना ओंकारेश्वरला नेऊन आणा, जाताना बस, येताना रिक्षा. कट्ट्यावर आता पूर्वीच्या सहा जणांतले दोघेच उरलेत, पण ते दोघे येतात. लोणच्याची एक फोडही परत आली. एकट्याने जाण्यावरचं बंधन मी अजून उठवलेलं नाही, आणि 'पडलो तर पडलो' हे त्यांचं म्हणणं मला अजून मान्य नाही. आमचं त्यावर भांडण चालू आहे.

एक वाक्य मात्र त्यांनी पूर्ण स्वतःचं लिहून घेतलं. सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०१८मध्ये वैद्यकीय इच्छापत्राला मान्यता दिली, आणि जानेवारी २०२३मध्ये त्याची रीत सोपी केली. आता दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी एवढ्यावर ते होतं. केंद्रातल्या व्याख्यानातून अण्णा मसुदाच घेऊन आले. बरं होण्याची आशा संपलेली असेल तर व्हेंटिलेटर नको, नळीने अन्न नको. मी मसुदा हातात धरून रडत होते आणि ते त्यातली मराठी दुरुस्त करत होते. 'कृत्रीम' ची दुसरी वेलांटी पहिली केली. भावाला व्हिडिओवर वाचून दाखवलं. तो पहिल्यांदाच काही सल्ला न देता गप्प बसला.

यंदाच्या उन्हाळ्यात ते म्हणाले, "हल्ली ओळी वाकड्या छापतात." डोळ्यांच्या डॉक्टरांनी चौकटी-चौकटींचा कागद दाखवला. त्यांना मधल्या रेषा लाटांसारख्या दिसल्या. डोळ्याच्या पडद्याचा मधला भाग झिजत चालला होता. मोतीबिंदू तर आधीच काढलेला. त्यातला ओला प्रकार असता तर इंजेक्शनं होती. हा कोरडा, यात गेलेलं परत येत नाही. मी सवयीने वही काढली. कुठल्या गोळीमुळे? सोडियम? साखर? रक्त तपासू या का? डॉक्टर शांतपणे म्हणाल्या, "नाही हो. हे वयाचंच आहे."

ज्या शिक्क्याशी मी दोन वर्षं भांडत होते तो इथे खरा निघाला, आणि माझ्याकडे करण्यासारखं काही उरलं नाही. घरी येताना अण्णाच मला समजावत होते. कडेचं नीट दिसतं म्हणाले, मधलं जातं. मग थोडं थांबून, "समास दिसतो, मजकूर दिसत नाही."

आता पेपर मी वाचते. सकाळी सात ते साडेसात, समोर बसून, खालच्या पट्टीत, सावकाश. पण मराठी कानाला ह्रस्व-दीर्घ धड कळत नाही, ही त्यांची मोठी पंचाईत. म्हणून ते मधेच थांबवून विचारतात, "'परिस्थिती'तल्या वेलांट्या सांग." पहिली, पहिली, दुसरी. "पुढे." लाल पेन्सिल त्यांच्या हातात असते, नुसती. कधी कधी मी चूक सापडल्याचं सांगते, मग ते खूश होतात, बोट लावून जागा विचारतात आणि अंदाजाने गोल करतात. गोल दोन ओळी खाली पडतो.

परवा आख्ख्या पानात एकही चूक मिळाली नाही. त्यांचा चेहरा कंटाळलेला दिसला म्हणून मी म्हटलं, "अण्णा, इथे 'आणि'ला दुसरी वेलांटी छापलीय."

पेन्सिल हलली नाही.

"'आणि' चुकवतील असा हा पेपर नाही," ते म्हणाले. "चष्मा लाव आणि नीट वाच."